बेरीज जुळली, निकाल चुकला

हरियाणातल्या पानिपत जिल्ह्यात बुआना लाखू नावाचं गाव आहे. आपला सरपंच कोण, हे या गावाला नक्की कळायला पावणेतीन वर्षं लागली. २ नोव्हेंबर २०२२ रोजी तिथे यंत्रावर मतदान झालं, मोजणी झाली आणि एका उमेदवाराला विजयी घोषित करण्यात आलं. दुसऱ्याचं म्हणणं होतं, की ६९ क्रमांकाच्या केंद्रावर माझी मतं त्याच्या नावापुढे आणि त्याची मतं माझ्या नावापुढे लिहिली गेली आहेत. वाद निवडणूक न्यायाधिकरणात गेला, तिथून उच्च न्यायालयात आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयात. ३१ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं गावातली सगळी यंत्रं दिल्लीला मागवून घेतली. ६ ऑगस्टला न्यायालयाच्या अधिकाऱ्यानं दोन्ही बाजूंसमोर, कॅमेरा चालू ठेवून, ६५ ते ७० या सहाही केंद्रांची मतं पुन्हा मोजली. एकूण मतं निघाली ३,७६७. तक्रारदाराला १,०५१ आणि विजयी घोषित झालेल्याला १,०००. ११ ऑगस्टला न्यायालयानं आदेश दिला, की दोन दिवसांत तक्रारदाराला सरपंच म्हणून घोषित करा.

यंत्रात मतं होती तशीच होती. चूक झाली ती यंत्रावरचा आकडा कागदावर उतरवताना. आपल्याकडे निवडणुकीवरची सगळी भांडणं यंत्राभोवती फिरतात. पण मतदान केंद्रावर यंत्र एक असतं आणि कागद डझनावारी. ते कागद भरतो एक दमलेला माणूस, आणि निकाल उभा राहतो तो त्या कागदांवर. म्हणून हे कागद कोणते, त्यांत चुका कशा होतात आणि त्या पकडायच्या कशा, हे मतदारानं एकदा समजून घ्यायला हवं.

कंडक्टरचा हिशेब

एसटीत तपासनीस चढला की तो काय करतो, ते आठवा. आधी गाडीतली माणसं मोजतो, मग फाटलेली तिकिटं बघतो, मग कंडक्टरच्या पिशवीतली रक्कम. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या असतात, म्हणूनच त्या जुळल्या तर हिशेब खरा मानायचा. एकच आकडा तीन ठिकाणी उतरवून काढला असेल, तर त्याच्या जुळण्याला काही किंमत नाही.

मतदान केंद्राची मांडणी नेमकी याच तत्त्वावर आहे. आपण खोलीत शिरतो तेव्हा पहिला मतदान अधिकारी आपलं नाव मोठ्यानं वाचतो आणि यादीच्या आपल्या प्रतीवर खूण करतो. पुरुष मतदाराच्या नोंदीवर तिरकी रेघ, बाई असेल तर रेघ आणि शिवाय अनुक्रमांकाभोवती गोल. हिला चिन्हांकित प्रत म्हणतात. दुसरा अधिकारी बोटाला शाई लावतो, मतदार नोंदवहीत, म्हणजे ‘सतरा-ए’ मध्ये, आपला यादीतला क्रमांक लिहून सही किंवा अंगठा घेतो आणि एक चिठ्ठी देतो. तिसरा अधिकारी ती चिठ्ठी जमा करून घेतो आणि कंट्रोल युनिटचं बटण दाबून आपल्यासाठी यंत्र खुलं करतो. मग आपण मत देतो.

म्हणजे एका माणसाच्या चार खुणा मागे राहतात : यादीवरची रेघ, नोंदवहीतली सही, जमा झालेली चिठ्ठी आणि यंत्रातलं मत. पहिल्या तीन खुणा ‘माणसं किती आली’ हे सांगतात, चौथी ‘मतं किती पडली’ हे. आपण कोणाला मत दिलं हे यातल्या एकाही कागदावर नसतं, पण आपण आलो होतो हे तीन कागदांवर असतं. मताची गुप्तता राखून हिशेब उघडा ठेवण्याची ही युक्ती साधी आणि फार हुशारीची आहे.

सतरा-सी

या सगळ्याचा ताळेबंद ज्या एका पानावर मांडतात, त्याचं नाव नमुना १७-सी, म्हणजे नोंदवलेल्या मतांचा हिशेब. निवडणूक ड्यूटी केलेल्या कोणत्याही गुरुजींना विचारा, ‘सतरा-सी’ म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर संध्याकाळचे सहा वाजतात.

हा नमुना दोन भागांचा आहे. पहिला भाग मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष भरतो, दुसरा मोजणीच्या दिवशी भरला जातो. पहिल्या भागात क्रमानं लिहायचं : केंद्राला जोडलेले एकूण मतदार किती, नोंदवहीप्रमाणे किती मतदार आले, नोंदवहीत सही करूनही मत न देता किती जण परत गेले, गुप्ततेचा नियम मोडला म्हणून कितींना मत देऊ दिलं नाही, चाचणी मतं किती आणि यंत्रात एकूण मतं किती. पुढचा प्रश्न खरा महत्त्वाचा : हे जुळतं का? जुळत नसेल तर फरक किती? त्यानंतर प्रदत्त मतपत्रिकांचा (त्या काय, ते पुढे येईल) आणि कागदी मोहरांचा हिशेब येतो. शेवटी केंद्राध्यक्षाची सही आणि उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींच्या सह्या.

एक नमुन्यादाखल उदाहरण घेऊ. केंद्रावर १,१०४ मतदार आहेत. नोंदवहीत शेवटचा क्रमांक ६८७. एका आजोबांनी सही केली, पण आतली गर्दी बघून ‘नको, राहू दे’ म्हणून ते निघून गेले. तशी शेऱ्याच्या रकान्यात नोंद झाली. मग यंत्रात ६८६ मतं असायला हवीत. तेवढी असली, तर केंद्र जुळलं.

आता जुळलं नाही, तर काय? अनुभवी अधिकारी फरकाचा आकडा बघूनच चूक कुठे झाली असेल ते ओळखतो. जुन्या पेढीवरच्या दिवाणजींसारखीच ही नजर असते.

यंत्रात ६८६ ऐवजी ७३६ दिसली, म्हणजे बरोबर ५० जास्त, तर सकाळी डोकावून बघायचं. मतदान सुरू होण्याआधी प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचं अभिरूप मतदान घेतात. ते झालं की यंत्र बंद करायचं, निकाल दाखवायचा आणि मग सगळं पुसून टाकायचं. घाईत ‘क्लिअर’ करणं राहून गेलं, तर ती ५० मतं खऱ्या मतांच्या पोटात जाऊन बसतात.

फरक एकाचा आणि यंत्रात कमी असेल, तर बहुधा कोणीतरी सही करून मत न देताच गेलं आणि शेरा लिहायचा राहिला. एकाचा आणि यंत्रात जास्त असेल, तर नोंदवहीत एखादा अनुक्रमांक दोनदा पडला असेल किंवा चिठ्ठी दिली आणि सही घ्यायची राहिली असेल. फरक दहाचा असेल, तर नोंदवहीचं पान उलटताना ३४९ नंतर ३६० लिहिलं गेलंय का ते बघायचं.

आणि फरकाला नऊनं पूर्ण भाग जात असेल, तर आधी अंकांची अदलाबदल शोधायची. ६८७ चे ६७८ झाले, तर फरक ९. ६८७ चे ८६७ झाले, तर फरक १८०, म्हणजे नऊ गुणिले वीस. शेजारचे दोन अंक उलटे लिहिले की फरक नेहमी नऊच्या पटीतच येतो. कीर्द-खतावणी लिहिणाऱ्यांना ही खूण पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. प्रत्येक वेळी चूक हीच असेल असं नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते तरी कळतं.

काही चुका बेरजेत येतच नाहीत. पुरवणी यादीतली नावं न धरता एकूण मतदार लिहिणं, दुपारी यंत्र बदललं तरी नमुन्यावर जुन्याच कंट्रोल युनिटचा क्रमांक ठेवणं, कागदी मोहरेचा क्रमांक चुकवणं. मतांना यानं धक्का लागत नाही, पण मोजणीच्या टेबलावर प्रतिनिधीच्या हातातल्या प्रतीवर एक क्रमांक आणि यंत्रावर दुसरा दिसला की आवाज चढतो. एका अंकाच्या चुकीतून ‘यंत्र बदललं’ अशी बातमी तयार होते.

बेरजेला नावं कळत नाहीत

आता पुन्हा बुआना लाखूकडे येऊ. तिथली तक्रार होती ती दोन उमेदवारांच्या मतांच्या अदलाबदलीची. एका केंद्रावर ‘अ’ ला समजा ४२० आणि ‘ब’ ला १३० मतं पडली आणि ती उलटी लिहिली गेली. एकूण मतं? तेवढीच. नोंदवहीशी ताळा? जुळतो. यंत्राशी ताळा? जुळतो. बेरीज शंभर वेळा केली तरी ती हेच सांगणार, की सगळं ठीक आहे.

ही चूक घडते कशी, तेही समजण्यासारखं आहे. कंट्रोल युनिटच्या छोट्या पडद्यावर उमेदवाराचं नाव येत नाही. क्रमांक येतो आणि त्याच्यापुढे मतं. कोणता क्रमांक कोणाचा, हे वाचणाऱ्यानं समोरच्या यादीवरून ठरवायचं. एकजण आकडा सांगतो, दुसरा लिहितो, बाजूला चारजण आपापल्या वहीत टिपत असतात, मागे गोंगाट असतो. नजर एक ओळ खाली घसरली की झालं.

म्हणून कागदांची तपासणी दोन प्रकारची असावी लागते. पहिली बेरजेची : माणसं आणि मतं यांचा मेळ. दुसरी जोडीची : नाव आणि आकडा यांचा मेळ. पहिली एकटा माणूस करू शकतो. दुसरीला दोन माणसं लागतात, एक वाचणारा आणि दुसरा यंत्राकडे बघून ‘बरोबर’ म्हणणारा. आपली सगळी भिस्त पहिलीवर आहे.

दुसऱ्या दिवशीची छाननी

मतदानाच्या रात्री हे कागद रंगीत पाकिटांत जातात. सांविधिक लिफाफे वेगळे, असांविधिक वेगळे. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत दुसऱ्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकारी निरीक्षकांसमोर केंद्राध्यक्षांची दैनंदिनी आणि मतदार नोंदवह्या तपासतो. उमेदवारांना त्याची सूचना दिलेली असते. जिथे मतदान सरासरीपेक्षा फारच जास्त किंवा फारच कमी झालं, जिथे तक्रारी आल्या, अशी केंद्रं बारकाईनं बघतात. पुन्हा मतदान घ्यायचं की नाही, याची शिफारस याच टेबलावरून जाते.

मोजणीच्या दिवशी यंत्र टेबलावर आलं, की त्यातली एकूण मतं आधी १७-सीच्या पहिल्या भागाशी ताडून बघतात. जुळली नाहीत, किंवा अभिरूप मतदान पुसलं गेलं नव्हतं असं आढळलं, तर २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे ते यंत्र बाजूला ठेवत. बाकीची मोजणी पूर्ण झाल्यावर बघत : विजयाचं अंतर अशा बाजूला ठेवलेल्या केंद्रांवरच्या एकूण मतांपेक्षा मोठं आहे का? असेल, तर ती मतं कोणालाही दिली तरी निकाल बदलत नसे, म्हणून तसाच निकाल जाहीर करत. नसेल, तर त्या केंद्रांच्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत दिल्यावर यंत्रातून छापून निघणाऱ्या, चिठ्ठ्या हातानं मोजत.

ही पद्धत समंजस होती, पण पद्धत लोकांना नीट सांगितली गेली नाही की गैरसमज वाढतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर एडीआर या संस्थेनं पडलेल्या आणि मोजलेल्या मतांची तुलना केली. ३६२ मतदारसंघांत मिळून ५,५४,५९८ मतं कमी मोजली गेली होती, आणि १७६ मतदारसंघांत मिळून ३५,०९३ मतं जास्त. आकडे मोठे वाटतात. पण कोट्यवधी मतांच्या निवडणुकीत बाजूला ठेवलेली यंत्रं किती, त्यामागचं कारण काय, हे प्रत्येक केंद्रागणिक छापलं गेलं असतं, तर फरक किती आणि संशय किती हे लोकांना आपलं आपण ठरवता आलं असतं.

१७-सीचे आकडे लोकांसमोर ठेवा, ही मागणी त्याच निवडणुकीत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. हा नमुना फक्त मतदान प्रतिनिधीला द्यावा लागतो, सर्वांना देण्याचं कायदेशीर बंधन नाही, असं आयोगाचं म्हणणं होतं. २४ मे २०२४ रोजी न्यायालयानं निवडणूक चालू असताना अंतरिम आदेश द्यायला नकार दिला. दुसऱ्याच दिवशी आयोगानं तोवरच्या पाच टप्प्यांचे प्रत्यक्ष मतदानाचे आकडे मतदारसंघनिहाय जाहीर केले.

जिथे एकेक मत महाग

लोकसभेला लाख मतांनी जिंकणाऱ्याला एखाद्या केंद्रावरची चूक जाणवत नाही. खाली उतरावं तशी ती मोठी होत जाते. ग्रामपंचायतीच्या प्रभागात मतदारच काहीशे असतात. तिथे पाचदहा मतांचा निकाल रोजचा.

मुंबईच्या गिरगावात २०१७ च्या महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांना प्रत्येकी ५,९४६ मतं पडली. शेवटी चिठ्ठी उचलून शहा विजयी ठरले. त्या प्रभागातल्या एखाद्या केंद्राध्यक्षानं एक आकडा चुकवला असता, तर चिठ्ठीचीही गरज पडली नसती. मोठ्या निवडणुकाही कधी कधी इतक्या जवळ येतात. २००८ साली राजस्थानात नाथद्वारा मतदारसंघात सी. पी. जोशी एका मतानं हरले : ६२,२१५ विरुद्ध ६२,२१६. २०२४ मध्ये मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले. यंत्रांवरच्या मतांत अमोल कीर्तिकर एका मतानं पुढे होते, टपाली मतांनी पारडं फिरलं.

अशा वेळी एरवी कोणी न बघितलेला एक कागद अचानक महत्त्वाचा होतो : प्रदत्त मत. आपण केंद्रावर गेलो आणि ‘तुमचं मत तर पडलं’ असं ऐकलं, तर निराश होऊन परत यायचं नसतं. ओळख पटली की आपल्याला कागदी मतपत्रिका मिळते. ती वेगळ्या लिफाफ्यात बंद होते आणि नेहमीच्या मोजणीत धरली जात नाही. न्यायालयानं सांगितलं तरच उघडते. नाथद्वारा आणि मुंबई उत्तर-पश्चिम, दोन्ही ठिकाणच्या न्यायालयीन लढाईत प्रदत्त मतांचा मुद्दा आला. कीर्तिकरांची याचिका मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळली. पण १७-सीवरचा ‘प्रदत्त मतपत्रिका किती दिल्या’ हा कोपऱ्यातला रकाना नीट का भरायचा, याचं उत्तर या दोन निकालांत आहे.

दुसऱ्याच्या नावावर कोणी मत द्यायला आलाय असा संशय असेल, तर प्रतिनिधी आक्षेप घेऊ शकतो. त्याची फी नियमात आजही दोन रुपये आहे. त्या दोन रुपयांचीही पावती आणि नोंद ठेवावी लागते.

महाराष्ट्रातल्या स्थानिक निवडणुका १९९४ पासून राज्य निवडणूक आयोग घेतो. तिथे हिशेब आणखी अवघड आहे. बहुसदस्यीय प्रभागात एका मतदाराला जितक्या जागा तितकी मतं. म्हणजे नोंदवहीतली माणसं आणि यंत्रातली मतं हे आकडे सारखे नसतातच, आणि ताळा जागेगणिक वेगळा करावा लागतो. व्हीव्हीपॅटही तिथे वापरलं जात नाही. मग हातात उरतात नोंदवही, यंत्र आणि त्या दोन्हींवरून लिहिलेला कागद. स्थानिक निवडणुकीत कागद जास्त जपून भरायला हवा, तो यासाठी.

डेट्रॉइटची पेटी

कागदाचा घोळ आपल्याच नशिबी आहे असं कोणाला वाटत असेल, तर त्यांनी अमेरिकेकडे बघावं. तिथे निकालाच्या रात्री जे आकडे टीव्हीवर येतात ते कच्चे असतात. पुढचे काही दिवस प्रत्येक काउंटीत एक मंडळ बसून केंद्रागणिक मतदार नोंदवही आणि मतपत्रिका जुळवतं, आणि मगच निकाल पक्का होतो.

२०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर मिशिगन राज्यात फेरमोजणी सुरू झाली, तेव्हा डेट्रॉइट शहरातल्या ६६२ केंद्रांपैकी ३९२ केंद्रांचा ताळा जुळत नसल्याचं समोर आलं. २४८ केंद्रांवर यंत्रानं मोजलेली मतं नोंदवहीतल्या माणसांपेक्षा जास्त होती. एका केंद्राच्या मोहोरबंद पेटीत फक्त ५० मतपत्रिका निघाल्या, नोंदीप्रमाणे मात्र तीनशेहून अधिक हव्या होत्या. राज्यानं चौकशी केली. उरलेल्या मतपत्रिका मोजणी यंत्राच्याच पोटात राहून गेल्या होत्या. पेटीत हलवायला कोणी विसरलं होतं. बाकी ठिकाणी अडकलेली मतपत्रिका यंत्रात दोनदा सरकवणं, नोंदवहीतले क्रमांक चुकणं, अशीच कारणं निघाली. घोटाळ्याचा पुरावा मिळाला नाही. गंमत अशी, की तिथल्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे ज्या केंद्राचा ताळा जुळत नाही त्याची फेरमोजणीच करता येत नव्हती. जिथे शंका सर्वांत जास्त, तिथेच दार बंद.

तपासणीनं निकाल वाचवल्याचंही उदाहरण आहे. विस्कॉन्सिनमध्ये एप्रिल २०११ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावरच्या न्यायाधीशाची निवडणूक झाली. पहिल्या आकड्यांत जोअ‍ॅन क्लोपेनबर्ग २०४ मतांनी पुढे होत्या. दोनच दिवसांत वॉकेशा काउंटीच्या तपासणीत आढळलं, की ब्रुकफील्ड शहराची १४,३१५ मतं बेरजेत आलेलीच नाहीत. अधिकाऱ्यांनी ती संगणकात जपून ठेवलीच नव्हती. ती धरल्यावर डेव्हिड प्रॉसर पुढे गेले, आणि फेरमोजणीनंतर सुमारे ७,००० मतांनी जिंकले. त्या अधिकाऱ्यांवर टीकेचा पाऊस पडला. तो रास्तच होता. पण चूक सापडली ती नेहमीच्या, कंटाळवाण्या तपासणीत.

न्यूयॉर्क राज्यातल्या एका काँग्रेस मतदारसंघात २०२० साली वादग्रस्त टपाली मतपत्रिकांवर निवडणूक कर्मचाऱ्यांनी आक्षेपाची नोंद चिकट चिठ्ठ्यांवर केली. चिठ्ठ्या गळून पडल्या. मग कोणत्या मतपत्रिकेवर कोणाचा आक्षेप होता, तो मान्य झाला की अमान्य, हेच कळेना. न्यायाधीशांनी कर्मचाऱ्यांना फैलावर घेतलं. निकाल लागायला फेब्रुवारी २०२१ उजाडलं, आणि फरक होता १०९ मतांचा.

चूक की लबाडी

प्रत्येक चुकीला चूकच म्हणायचं का? नाही. ३० जानेवारी २०२४ रोजी चंदीगडच्या महापौर निवडणुकीत एकूण ३६ मतं होती. पीठासीन अधिकाऱ्यानं आठ मतं बाद ठरवून १६ विरुद्ध १२ असा निकाल दिला. ही आठही मतं एकाच उमेदवाराची होती, आणि त्या मतपत्रिकांवर अधिकारी स्वतः खुणा करताना कॅमेऱ्यात दिसत होता. २० फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयानं त्या मतपत्रिका मागवून बघितल्या, वैध ठरवल्या आणि २० मतं मिळालेल्या कुलदीप कुमार यांना महापौर घोषित केलं.

फरक कसा ओळखायचा? थकव्यातून झालेल्या चुका विखुरलेल्या असतात. इथे एक जास्त, तिथे दोन कमी, कधी याच्या फायद्याच्या तर कधी त्याच्या. लबाडीला दिशा असते. आठपैकी आठ चुका एकाच बाजूला जात असतील, तर तो योगायोग राहत नाही. दुसरी खूण म्हणजे चुकीचा माग. प्रामाणिक चूक इतर कागदांत आपली खूण सोडून जाते. नोंदवही एक सांगते, यंत्र दुसरं, म्हणून ती दुरुस्त करता येते. कागदच गहाळ असतील, खाडाखोड सहीशिवाय असेल, प्रती दिल्याच नसतील, तर मात्र प्रश्न विचारायलाच हवेत.

दमलेल्या हाताला मदत

केंद्राध्यक्ष बहुधा शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक किंवा एखाद्या कचेरीतला लिपिक असतो. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घ्यायचं, गाडीनं केंद्रावर पोचायचं, रात्र शाळेच्या बाकांवर काढायची, पहाटे उठून अभिरूप मतदान घ्यायचं. मग दिवसभर मतदान, संध्याकाळी सहाला रांगेत उभ्या असलेल्यांना शेवटच्या माणसापासून सुरुवात करून चिठ्ठ्या वाटायच्या, म्हणजे मागून कोणी घुसणार नाही. ती रांग संपली की यंत्र मोहोरबंद करायचं, १७-सी भरायचा, त्याच्या हव्या तितक्या प्रती प्रतिनिधींना द्यायच्या. बाहेर गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत असतो. चौदा-पंधरा तासांनंतर, पिवळ्या दिव्याखाली, सर्वांत महत्त्वाची बेरीज करायची ती यावेळी.

हे ध्यानात घेऊन काही साध्या गोष्टी करता येतात. मतदानाची आकडेवारी दर दोन तासांनी वर कळवावी लागतेच. त्याच वेळी नोंदवहीचा शेवटचा क्रमांक आणि यंत्रावरचा एकूण आकडा शेजारी लिहून ठेवला, तर चूक झाली तरी ती कोणत्या दोन तासांत झाली ते कळतं. सहाशे सह्यांऐवजी शे-सव्वाशेच तपासाव्या लागतात. प्रशिक्षणात कोरा नमुना भरून घेण्याऐवजी मुद्दाम चुकवलेला नमुना द्यावा आणि चूक शोधायला सांगावं. खाडाखोड झाली तर आकडा गिरवायचा नाही, एक रेघ मारून बाजूला लिहायचा आणि सही करायची. चूक कबूल करणाऱ्याला नोटिशीची भीती दाखवली, तर पुढच्या वेळी तो चूक झाकेल. झाकलेली चूकच न्यायालयात जाते.

शेवटचा शब्द उमेदवारांसाठी आणि त्यांच्या प्रतिनिधींसाठी. निवडणुकीत लाखो रुपये बॅनरवर जातात आणि केंद्रात बसवलेला पोरगा पाच वाजता जेवायला जातो तो परत येत नाही. १७-सीची प्रत हा प्रतिनिधीचा हक्क आहे. ती घेतल्याशिवाय केंद्र सोडू नका. सही करण्याआधी नोंदवही आणि यंत्र यांचा ताळा स्वतः करा. मोजणीच्या वेळी बेरीज जुळली तरी थांबू नका. यंत्रावरचा क्रमांक, कागदावरचं नाव आणि त्यापुढचा आकडा, तिन्हींवर बोट ठेवून मोठ्यानं वाचा आणि शेजारच्या विरोधी प्रतिनिधीलाही वाचायला लावा. एका केंद्राला याला पाच मिनिटं लागतात. बुआना लाखूला पावणेतीन वर्षं लागली.